‘द रेड शूज’ आणि चित्रातल्या मुंग्या

मागच्या रविवारी भाच्याला ‘द रेड शूज’ लावून दाखवत होतो. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा एका बॅले नर्तकीवरचा १९४८चा ब्रिटिश सिनेमा, फोर-के डिस्कवर, म्हणजे सर्वांत बारीक तपशील दाखवणाऱ्या डिस्कवर. दहा मिनिटं झाली असतील नसतील, तो म्हणाला, "मामा, फोर-के म्हणतोस आणि चित्रात मुंग्या कशा?" मी काही बोलायच्या आत त्याने रिमोट घेतला, टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरला आणि नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले ठिपके पुसणारी सोय, वाढवलं. मुंग्या गेल्या. पण त्यांच्याबरोबर माणसांच्या चेहऱ्यांवरची कातडीही गेली. गाल मेणाचे झाले, केसांचा एकच गोळा झाला. मी ते लगेच पूर्ववत करायला लावलं.

त्याला तेव्हा जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय. ही समजूत त्याची एकट्याची नाही, चांगलं चित्र म्हणजे गुळगुळीत चित्र असंच बहुतेकांना वाटतं.

त्या मुंग्या म्हणजे फिल्मचे कण. फिल्मवरची प्रतिमा त्या कणांचीच बनलेली असते. कण पुसायला गेलात की कणांनी धरून ठेवलेला तपशीलही पुसला जातो. शिवणीचा टाका, ओठांवरची भेग, रंगमंचाच्या पडद्याचा पोत, सगळं त्यातच असतं.

आणि हा सिनेमा साध्या फिल्मवरचा नाही, टेक्निकलर या जुन्या रंगीत पद्धतीचा आहे. त्या अवजड कॅमेऱ्यात तीन पट्ट्या एकाच वेळी धावत. भिंगामागचा लोलक प्रकाशाचे दोन वाटे करी. हिरवा भाग एका पट्टीवर, आणि तांबडा व निळा एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन पट्ट्यांवर. गंमत म्हणजे या तिन्ही पट्ट्या कृष्णधवल! रंग यायचा तो पुढे प्रयोगशाळेत. प्रत्येक पट्टीवरून एक ठसा करायचा, तो रंगात भिजवायचा आणि एकाच कोऱ्या फिल्मवर पिवळा, निळसर, किरमिजी असे तिन्ही ठसे एकावर एक उमटवायचे. कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापतात, तीच कल्पना. म्हणूनच त्या काळच्या प्रतींचे रंग अजून टवटवीत आहेत आणि नंतरच्या, एकाच पट्टीवर रंग टिपणाऱ्या ईस्टमनकलर फिल्मच्या कितीतरी प्रती गुलाबी पडून गेल्या.

पण वर्षं गेली तशा त्या तीन पट्ट्या आक्रसल्या, आणि तिन्ही सारख्या आक्रसल्या नाहीत. मग ठसे जुळत नाहीत. माणसाच्या खांद्याला एका बाजूने तांबडी कड, दुसऱ्या बाजूने हिरवी. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॅसेटच्या एका नकलेवर. त्यात नायिकेचे लाल बूट नीट लालही नव्हते, विटकरी होते आणि कडेने रंग सांडलेले. त्या बुटांसाठी अख्खी गोष्ट लिहिलेली, आणि मला दिसत होती विटकरी पादत्राणं. पुढे डीव्हीडी घेतली तेव्हा लाल रंग आला, पण अंधारातल्या जागा अजून चिखलासारख्याच होत्या.

खरा फरक पडला तो २००९मध्ये पुरा झालेल्या पुनरुद्धारामुळे. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या चित्रपट संग्रहाने आणि दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसींच्या फिल्म फाउंडेशनने तो केला, काम रॉबर्ट गिट यांच्या देखरेखीखाली झालं आणि त्या वर्षी कान महोत्सवात तो दाखवला गेला. मूळ निगेटिव्हना, म्हणजे कॅमेऱ्यातल्या त्या तीन पट्ट्यांना, बुरशी लागलेली होती. दोन तासांहून मोठा सिनेमा, सेकंदाला २४ चौकटी, आणि अशा तीन पट्ट्या... हिशोब पावणेसहा लाख चौकटींच्या पुढे जातो. एवढ्या चौकटी स्कॅन करून बुरशीचे डाग काढायचे आणि तिन्ही पट्ट्या संगणकावर एकमेकींवर बसवायच्या. हे वाचलं तेव्हा मी डिस्कला हात जोडले होते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ठसे उमटवताना रंग किंचित पसरत, त्यामुळे थिएटरातली प्रत मूळ निगेटिव्हपेक्षा थोडी मऊच असे. आज आपण थेट निगेटिव्ह स्कॅन करतो, म्हणजे १९४८च्या प्रेक्षकाला जे कधीच दिसलं नाही तेही आपल्याला दिसू शकतं. चेहऱ्यावरच्या मेकअपचा थर, सेटवरच्या रंगाचे फटकारे. दिसू शकतं म्हणून ते ठसठशीत करून दाखवायलाच हवं का? माझ्या मते नाही. छायाचित्रकार जॅक कार्डिफ यांनी प्रकाश योजला तो त्या प्रतीवर काय उतरेल हे डोक्यात ठेवून. फर्मीअर, रेम्ब्राँ या जुन्या डच चित्रकारांच्या चित्रांतून प्रकाश शिकलेला हा माणूस. बॅलेत नर्तकी झेप घेते तिथे तिला हवेत क्षणभर जास्त ठेवायचं म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा वेगही बदलला. असा माणूस सावली काळी ठेवतो तेव्हा ती काळीच हवी असते.

फोर-के डिस्कवर एचडीआर आहे, म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त दाखवणारं तंत्र. त्याबद्दल मी धास्तावलो होतो, कारण जुन्या सिनेमांचे दिवे एचडीआरमध्ये डोळ्यांत घुसतात असा माझा अनुभव आहे. इथे तसं झालेलं नाही. माँटे कार्लोतल्या जुन्या व्हिलाच्या पायऱ्या चढून नायिका जाते, पायऱ्यांमध्ये गवत माजलेलं, अंगावर निळसर हिरवा झगा, डोक्यावर छोटा मुकुट. त्या झग्याच्या निळ्याहिरव्यातल्या छटा मला आधीच्या कुठल्याच डिस्कवर वेगळ्या ओळखता आल्या नव्हत्या. आणि नायिका झालेल्या मॉइरा शिअररचे तांबडे केस! ते आता बुटांच्या लालापासून वेगळे दिसतात. इतकी वर्षं मला दोन्ही एकाच डब्यातले रंग वाटत होते.

भाच्याची दुसरी तक्रार होती दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांची. चित्र चौकोनी आहे, १.३७ला १. पडदा भरायचा तर नर्तकीचे पाय कापावे लागतील, आणि हा सिनेमा पायांचा आहे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या रंगीत सिनेमांवर हा प्रकार झालाय. वरून-खालून कापलेले, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का, रंग भडक केलेले. लोक तेच मूळ समजून बघतात याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या मराठी माणसांनी रंगाची हौस किती लवकर केली ते आठवा. प्रभातने १९३३मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगकामासाठी थेट जर्मनी गाठली. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण कोल्हापुरातली मंडळी त्या काळी तिथवर गेली होती. त्यांच्या निगेटिव्हला पावणेसहा लाख चौकटी पुसणारे हात मिळायला हवे होते, असं मला दर वेळी वाटतं.

ज्यांच्याकडे फोर-के प्लेअर आहे त्यांनी ही डिस्क परदेशातून मागवायला हरकत नाही, फोर-के डिस्कना प्रदेशाचं कुलूप नसतं, म्हणजे एका देशातली डिस्क दुसऱ्या देशातल्या प्लेअरवरही चालते. लावण्याआधी टीव्हीवरचं रंग भडक करणारं व्हिव्हिड मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद करा, शार्पनेस खाली आणा.

भाच्याने शेवटी सेटिंग माझ्या म्हणण्याप्रमाणे ठेवलं. सिनेमातला बॅले सुरू झाल्यावर तो काही बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, "मामा, तो वर्तमानपत्राच्या कागदाचा माणूस नाचतो तेवढं परत लाव." परत लावलं. कागदावरची छपाई दिसत होती.