शुश्रूषेचा भार: बाई की पुरुष, आणि कोणत्या नात्याने

घरातले दीर्घ आजारपण काढताना पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक खचतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. त्यावर ‘बायका मुळातच हळव्या असतात’ असा खुलासा लगेच दिला जातो आणि विषय तिथेच मिटतो. मला हा खुलासा आळशी वाटतो. मार्टिन पिंक्वार्ट आणि सिल्व्हिया सोरेन्सेन यांनी २००६ मध्ये अशा दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कोणाच्या वाट्याला किती आणि कसले काम आले व मदतीला कोण होते, हे हिशेबात धरल्यावर नैराश्यातला आणि प्रकृतीतला फरक बराच आकसला आणि शुश्रूषा न करणाऱ्या स्त्रीपुरुषांत एरवीही आढळतो, जवळपास तेवढाच उरला. म्हणजे स्वभावाआधी कामाची वाटणी पाहायला हवी.

ही वाटणी केवळ तासांची नसते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार घरकाम आणि संगोपनासह सर्व बिनपगारी सेवाकामासाठी स्त्रिया दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटे देतात, तर पुरुष १ तास २३ मिनिटे. पण त्याहून महत्त्वाचे असे की विम्याचे कागद भरणे, औषधे आणणे, डॉक्टरांची वेळ घेणे ही कामे संध्याकाळी किंवा उद्याही करता येतात, तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणे, त्याला भरवणे, ओले कपडे बदलणे ही कामे थांबत नाहीत, सांगून येत नाहीत आणि रात्रही पाहत नाहीत. पहिल्या प्रकारची कामे सहसा मुलाकडे जातात, दुसऱ्या प्रकारची मुलीकडे किंवा सुनेकडे. ‘आम्ही दोघे मिळून करतो’ असे दोघेही प्रामाणिकपणे सांगतात, पण झोपमोड एकाच व्यक्तीची होत असते.

नात्याचा प्रश्न मला याहून गुंतागुंतीचा वाटतो. जोडीदाराची शुश्रूषा करणारी व्यक्ती बहुधा स्वतःही वयस्कर असते, तिला सुटी नसते, आणि ज्याच्याशी दिवसभराचे बोलावे तोच आजारी असतो. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांच्या १९९९ च्या अमेरिकेतील अभ्यासात, शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्या वृद्ध जोडीदारांचा चार वर्षांतील मृत्यूचा धोका शुश्रूषा न कराव्या लागणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. या टप्प्यावर पुष्कळ पती सारे काही स्वतः करतात, हे मान्य करायला हवे. मात्र नवऱ्याने केले की कौतुक होते आणि कौतुकापाठोपाठ मदतीचे हातही येतात. बायकोने केले तर ते गृहीतच असते. दुसरी बाजू अशी की थकलो असे म्हणणे पुरुषाला जड जाते, त्यामुळे कोलमडेपर्यंत त्याचा थकवा कोणाला कळत नाही. आणि सगळेच नवरे टिकतात असेही नाही. मेंदूतील गाठ, अन्य कर्करोग किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा दीर्घ आजार झालेल्या विवाहित रुग्णांच्या २००९ मधील एका अमेरिकन अभ्यासात, रुग्ण स्त्री असताना २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली, तर रुग्ण पुरुष असताना २.९ टक्के. हे आकडे एका अभ्यासाचे आहेत, पण ते वाचून मला फारसे आश्चर्य वाटले नाही, हे नोंदवतो.

मुलगी आईवडिलांचे करते तेव्हा कष्टांसोबत आपण कमी पडतो ही टोचणी असते, पण बालपणापासूनची मायाही असते. सुनेला अनेकदा त्या मायेचा आधार नसतो आणि अधिकारही नसतो. औषध बदलायचे का, शस्त्रक्रिया करायची का, हे रक्ताचे नातेवाईक ठरवतात, कधी दूर राहून फोनवरून. आणि ठरलेले निभावते ती, जिला कोणी विचारलेलेच नसते. तिने त्रागा केला तर ‘परकी ती परकीच’ हा शेरा तयार असतो. मुलीचा त्रागा मात्र थकव्याच्या खाती जमा होतो.

म्हणून उपचारांचा निर्णय घ्यायला कुटुंब जमते, तेव्हा रात्री रुग्णापाशी कोण उठते हे डॉक्टरांनी आधी विचारावे, आणि ती व्यक्ती चहा करायला आत गेली असेल तर ती येईपर्यंत थांबावे.