भिंगाला दोनच ओळी?
लेख चांगला आहे, पण फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहाचा सगळा इतिहास सांगताना तिथल्या दिव्याच्या भिंगाला तुम्ही दोन ओळींत उरकलं. खरी गंमत तर तिथंच आहे भाऊ!

आम्ही यवतमाळकडचे, समुद्र पाहिला तोच चाळिशीत. भिंग मात्र शाळेतच हाताळलं होतं. भंगारात काढलेल्या ओव्हरहेड प्रोजेक्टरची सपाट प्लास्टिकची काच, नख फिरवलं की गोल गोल चऱ्या लागायच्या. उन्हात धरली की पऱ्हाटीची काडी धूर सोडायची. (हजेरीपटाचा कोपराही जळला एकदा, ते जाऊ द्या.)

ते भिंग बनवणाऱ्या फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची युक्ती हीच. प्रकाश वळतो तो भिंगाच्या वक्र पृष्ठभागावर, मधली जाड काच नुसतं ओझं. त्यानं ती वगळून वक्र भाग तेवढे कड्यांसारखे मांडले. १८२३ मध्ये ते भिंग कोर्दुआँला बसलं. त्याआधी आरसे असायचे, त्यात बराच उजेड वाया जायचा. गडी १८२७ मध्ये क्षयानं गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी.

पुढं तर टनावारी वजनाची भिंगं पाऱ्यावर तरंगत ठेवायचे, बोटानं ढकलली तरी फिरायची. त्या पाऱ्याच्या वाफेत रात्री काढणाऱ्या राखणदारांवरही लिहा एकदा.