मंजूर तरतूद म्हणजे खात्यात जमा झालेली रक्कम नव्हे

‘अर्थसंकल्प मंजूर झाला की पैसा विभागाच्या खात्यात जमा होतो, वर्षभर कोणी हिशेब विचारत नाही, कॅगचा अहवाल येईपर्यंत सगळे संपलेले असते, पूरक मागण्या म्हणजे आधी उधळायचे आणि मग परवानगी घ्यायची, ३१ मार्चपर्यंत न खर्चलेला पैसा बुडतो, म्हणून काम अपुरे असले तरी देयक काढून ठेवा.’ हा संदेश बरेच दिवस फिरतो आहे. नुकताच आहरण व संवितरण अधिकारी (कार्यालयाची देयके, म्हणजे बिले, सही करून कोषागाराकडे, म्हणजे शासकीय तिजोरीकडे पाठवणारा अधिकारी) झालेल्या माझ्या चुलतभावाने तोच मला पाठवला आणि ‘असे करावे लागते का?’ असे विचारले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले. देयकावर सही त्याची असणार आहे, संदेश लिहिणाऱ्याची नाही.

पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. विधिमंडळाने विनियोजन विधेयक संमत केल्याने अमुक कामासाठी अमुक रकमेपर्यंत खर्च करण्याची अनुमती मिळते, पैसा मात्र राज्याच्या एकत्रित निधीतच (शासनाच्या मुख्य खात्यातच) राहतो. संविधानाच्या अनुच्छेद २०४ व २६६ नुसार कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय त्या निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. तरतूद मंजूर झाल्यावरही वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने वितरित करतो. महाराष्ट्रात हे वितरण बीम्स या संगणकीय प्रणालीवर होते, आणि संबंधित लेखाशीर्षाखाली (खर्चाच्या ठरलेल्या बाबीखाली) वितरित निधी शिल्लक नसेल तर कोषागारात देयक पुढे सरकत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात, म्हणजे वर्षभर कोणी हिशेब विचारत नाही यात, अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कॅगचे (भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे) अहवाल उशिरा येतात आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीची चर्चा त्याहून उशिरा होते. परंतु लेखापरीक्षा ही खर्चानंतरची तपासणी आहे, वर्ष चालू असतानाचे नियंत्रण तिचे कामच नव्हे. ते काम देयक तपासणारे कोषागार, दरमहा खर्चाचा ताळमेळ घेणारे नियंत्रक अधिकारी आणि मासिक लेखे तयार करणारे महालेखापाल यांचे आहे. ही साखळी झोपली तर काय होते, हे बिहारच्या चारा घोटाळ्यात दिसले. पशुसंवर्धन विभागाने चारा आणि औषधांच्या बनावट देयकांवर तरतुदीपेक्षा कितीतरी अधिक रकमा अनेक वर्षे कोषागारांतून काढल्या, आणि जानेवारी १९९६ मध्ये चाईबासा येथे जिल्हा प्रशासनाने छापे घातले तेव्हा प्रकरण उघड झाले. तरतुदीहून जास्त खर्च होत असल्याचे लेख्यांत दिसत होते. दिसत असूनही देयके थांबवली गेली नाहीत. नियंत्रण निरर्थक आहे असा निष्कर्ष यातून काढणारा माणूस त्या प्रकरणातला नेमका उलटा धडा घेतो आहे.

आता ३१ मार्च. संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे, कारण तो वाचणाऱ्याला थेट गैरकृत्य करायला सांगतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम ६२ स्पष्ट म्हणतो की, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत खर्चाची घाई करणे हा वित्तीय औचित्याचा भंग मानला जाईल आणि ते टाळावे. याच हेतूने केंद्रीय मंत्रालयांना शेवटच्या तिमाहीसाठी ३३ टक्के आणि एकट्या मार्चसाठी १५ टक्के अशी मर्यादा घालून देण्यात आली. राज्यांचे वित्तीय नियम स्वतंत्र आहेत, पण तातडीने देणे नसेल तर कोषागारातून रक्कम काढू नये, हे तत्त्व तेथेही आहे. अपुऱ्या कामाचे पूर्ण देयक काढायचे असेल तर मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या नोंदवहीत) न झालेल्या कामाची नोंद करावी लागते, आणि ते खोटे दस्तऐवज तयार करणे होय. निधी व्यपगत होऊ नये (मुदत संपून रद्द होऊ नये) म्हणून रक्कम काढून बँकेत किंवा वैयक्तिक ठेव खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनामे असलेल्या शासकीय खात्यात) ठेवली, तर लेख्यांत खर्च झालेला दिसतो, प्रत्यक्षात काम झालेले नसते, आणि शासन त्याच काळात व्याज देऊन कर्ज घेत असते.

‘पैसा बुडतो’ हेही खरे नाही. व्यपगत होते ती खर्च करण्याची अनुमती; रक्कम एकत्रित निधीतून बाहेर पडलेलीच नसते. अडचण खरी आहे ती वेगळी: पुढील वर्षी तरतूद पुन्हा मिळवावी लागते, तोवर काम रखडते, आणि पुष्कळदा निधीचे वितरणच फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. याबद्दल वित्त विभागाला जाब विचारावा, जोरात विचारावा. पण उशिरा वितरण हे खोट्या देयकाचे समर्थन होऊ शकत नाही.

पूरक मागण्यांविषयी थोडक्यात. अनुच्छेद २०५ नुसार पूरक मागणी खर्चाआधी विधिमंडळासमोर जाते. आधी जास्त खर्च आणि नंतर मंजुरी, हे अतिरिक्त खर्चाचे प्रकरण असते. ते लोकलेखा समितीच्या तपासणीनंतर नियमित करावे लागते. अशी प्रकरणे वर्षानुवर्षे पडून राहतात, हे कॅग सातत्याने नोंदवते आणि ती लाजिरवाणी गोष्ट आहे. संदेशकर्त्याने मात्र दोन वेगळ्या तरतुदी एकत्र कालवल्या आहेत.

चुलतभावाला मी एवढेच सांगितले: जेवढे काम मोजले गेले तेवढ्याचेच देयक कोषागारात सादर कर. जी रक्कम मार्चअखेर खर्च होणार नाही, तिचा समर्पणाचा (परत करण्याचा) प्रस्ताव नियंत्रक अधिकाऱ्याकडे मुदतीत पाठव, म्हणजे पुनर्विनियोजनाने ती गरज असलेल्या दुसऱ्या कामाला वर्ष संपण्याआधी मिळू शकेल. कोणी तोंडी दबाव आणला, तर लेखी आदेश माग.