फोन आहे ना, मग पाटी कशाला?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तीनदा आला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या काकांकडून. सार असं: आता प्रत्येकाच्या खिशात नकाशा आहे, त्यामुळे स्टेशनं, रुग्णालयं, रस्ते इथं पाट्या लावणं म्हणजे पैसा पाण्यात. पाट्या कोणी वाचत नाही, लोक विचारतातच. लावायच्याच तर चित्रं लावा, अक्षरं कशाला? आणि लंडनसारख्या शहरांत म्हणे सगळं फोनवरच चालतं.

नकाशा सगळं दाखवतो, इथून सुरुवात करू. 9 डिसेंबर 2023 पर्यंत दादरला चार नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. एक, तीन, पाच यांचीही तीच गत. नवख्या माणसाला कुणी 'चार नंबरवर ये' म्हटलं, तर तो येणार कुठल्या चारवर? फोन इथं काय दिवे लावणार होता? त्यानंही 'प्लॅटफॉर्म चार' एवढंच सांगितलं असतं. मग पश्चिमेचे 1 ते 7 तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना 8 ते 14 असे नंबर दिले. एकाही प्लॅटफॉर्मची जागा त्यासाठी हलली नाही, फक्त आकडे बदलले. माझ्या तोंडी अजून जुना 'सेंट्रलचा एक नंबर'च येतो, आठ म्हणायला जीभ वळत नाही. पण दादरला पहिल्यांदाच उतरणाऱ्याचा गोंधळ कमी झाला, आणि तो आकड्यांनी केला.

शिवाय जीपीएसला मोकळं आभाळ लागतं. भुयारी मेट्रोत किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तो निळा ठिपका गांगरतो. तुम्ही पुलावर आहात की पुलाखालच्या प्लॅटफॉर्मवर, हे त्याला धड कळत नाही. आणि समजा कळलंच, तरी संध्याकाळी सातला दादरच्या जिन्यात थांबून फोन काढून बघा. मागचे लोक तुम्हाला बरोबर दिशा दाखवतील. पाटी चालता चालता, मान न वळवता वाचायची असते, हा तिचा मोठा गुण.

'कोणी वाचत नाही' हे अर्धं खरं आहे. चांगली पाटी वाचल्याचं आपल्याला आठवतच नाही. लोकलच्या प्लॅटफॉर्मवरचे ते तिरके पट्टे: पिवळे-हिरवे दिसले की बायका तिथं थांबतात, पिवळे-लाल दिसले की फर्स्ट क्लासवाले. यांतल्या कुणालाही विचारा, 'पाटी वाचलीत का?' म्हणतील, 'कुठली पाटी?'

वाईट पाटी मात्र खरंच कोणी वाचत नाही. मागच्या वर्षी आईला सोनोग्राफीसाठी एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले सोनोग्राफी, चिठ्ठीवर त्याच तपासणीचं लघुरूप यूएसजी, आणि दारावर 'क्ष-किरण व प्रतिमा निदान विभाग'. त्या दारासमोरून आम्ही दोनदा गेलो. शेवटी वॉचमनला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, 'डावीकडं, सोनोग्राफी ना?' दिवसभर त्याचं तेच चाललेलं होतं. 'लोक विचारतातच' या मुद्द्याचं उत्तर त्या वॉचमनकडं आहे. पाटीचे पैसे वाचवले की ते काम कुणाच्या तरी घशावर पडतं, आणि ज्याला विचारायचा संकोच वाटतो तो हेलपाटे घालत राहतो.

चित्रांचं म्हणणं मला निम्मं मान्य आहे. मेक्सिको सिटीची मेट्रो 1969 मध्ये सुरू झाली तेव्हा न वाचू शकणारे प्रवासी पुष्कळ होते. म्हणून डिझायनर लान्स वायमन आणि सहकाऱ्यांनी स्टेशनागणिक एक चिन्ह काढलं. चापुल्तेपेकला टोळ, कारण तिथल्या जुन्या नावातच टोळांची टेकडी आहे. पण नावाची अक्षरंही चिन्हासोबत ठेवलीच. संकटात बाहेर पडायची वाट दाखवणारा, दारातून पळणारा तो हिरवा माणूस, जपानच्या युकिओ ओता यांचा, 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात गेला आणि आता आपल्या थिएटरांतही दिसतो. धूर झाल्यावर फोन कोण उघडणार? तिथं चित्रच हवं. जिना, लिफ्ट, शौचालय यांनाही चित्र पुरतं. पण कल्याणच्या पुढं फाटे फुटतात तिथं कर्जतचं चित्र काय काढणार, आणि कसाऱ्याचं काय?

राहिलं लंडन. तिथल्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकचा 1933 चा नकाशा प्रसिद्ध आहे, पण त्यातून अंतरं कळत नाहीत. कॉव्हेंट गार्डन ते लेस्टर स्क्वेअर जेमतेम 250 मीटर, तरी पाहुणे गाडीनं जातात. म्हणून तिथल्या वाहतूक खात्यानं पदपथांवर पायी चालणाऱ्यांसाठी नकाशांचे खांब उभे केले. नकाशा असा लावलेला, की तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात तीच दिशा वर. स्मार्टफोन आल्यावर ते उपटले नाहीत, उलट वाढवले.

पैसा पाण्यात जातो, हे मात्र काकांचं बरोबर आहे. आमच्या नाक्यावर स्टेशनकडं बाण दाखवणारी नवीकोरी पाटी लागली. दिवाळीपासून ती वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्समागं आहे. फ्लेक्सवरचे चेहरे तीनदा बदलले.