चिनी अक्षरं म्हणजे पन्नास हजार चित्रं नव्हेत

एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिनी भाषेत प्रत्येक शब्दासाठी एक चित्र असतं. अशी पन्नास हजार चित्रं पाठ केल्याशिवाय पेपर वाचता येत नाही. चित्रंच असल्यामुळे उच्चार येत नसला तरी अर्थ कळतो. आणि चिनी लोक 'संकट' लिहिताना 'धोका' आणि 'संधी' अशी दोन चित्रं काढतात. खाली हात जोडलेले इमोजी. मी चार वर्षं ही अक्षरं गिरवतोय, अजून चुकतो, पण याला उत्तर देण्यापुरती येतात.

आधी आकडा. पन्नास हजारांच्या जवळ जाणारा कोश आहे खरा: १७१६ सालचा खांगशी कोश, सत्तेचाळीस हजारांवर अक्षरांचा. पण त्यात कधीच वापरातून गेलेली अक्षरं आहेत, एकाच अक्षराची चार-चार रूपंही आहेत. मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश अथपासून इतिपर्यंत पाठ असल्याशिवाय मराठी पेपर वाचता येत नाही, असं म्हणण्यासारखंच हे झालं. चीनने २०१३ साली काढलेल्या प्रमाण यादीत ८,१०५ अक्षरं आहेत आणि त्यांतली रोजच्या वापराची ३,५००. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलांना सुमारे ३,००० ओळखता आणि २,५०० लिहिता यावीत, अशी अपेक्षा असते.

शिवाय अक्षर म्हणजे शब्द नव्हे. 'वीज' या अक्षरापुढे 'बोलणं' ठेवलं की टेलिफोन, 'सावली' ठेवली की सिनेमा, 'मेंदू' ठेवला की कॉम्प्युटर. नवी वस्तू आली म्हणून नवं अक्षर घोकावं लागतं असं क्वचितच.

आता चित्रं. मेसेजसोबतच्या तक्त्यात सूर्य, चंद्र, डोंगर आणि झाड आहे. ही अक्षरं खरोखरच चित्रांतून आली. 'शेत' तर झकासच: चौकोन आणि आत अधिकचं चिन्ह, झाले चार वाफे. (मुलं ज्या वहीत अक्षरं गिरवतात तिच्या घरांचा आकारही हाच, म्हणून त्या घरांना 'शेत-अक्षराची घरं' म्हणतात.) पण तक्ता एवढ्यावरच थांबतो, कारण पुढे चित्रं आटतात. दहातली आठांहून जास्त अक्षरं दोन भागांची असतात. एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. आणि मेसेजमध्ये नेमका हा दुसरा भाग गायब आहे.

एक अक्षर घ्या, उच्चार 'छिंग', अर्थ हिरवा-निळा रंग. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिले की 'निर्मळ'. वाणीची खूण दिली की 'विनंती'. हृदयाची दिली की 'भावना'. सूर्य दिला की 'निरभ्र'. चारही 'छिंग', फक्त सूर, म्हणजे आवाजाचा चढउतार, सगळ्यांचा एकच नाही. डोळा दिला तर 'बुबुळ', आणि तिथे उच्चार किंचित सरकून 'चिंग' होतो. सूर्याच्या चौकोनात एक आडवी रेघ असते, डोळ्याच्या चौकोनात दोन. मी एकदा वहीत 'आज आभाळ निरभ्र आहे' लिहायला गेलो आणि आभाळाला बुबुळ काढून ठेवलं. बाईंनी लाल पेनाने गोल केला, बोलल्या काहीच नाहीत.

ही खूण दर वेळी साथ देत नाही, हेही कबूल करतो. 'मोठी नदी' या अक्षरात पाण्याशेजारी 'कुंग' उच्चाराचा भाग आहे, पण आज ते 'च्यांग' वाचतात. दोन हजार वर्षांत उच्चार सरकले, अक्षर जागच्या जागी राहिलं.

'उच्चाराशिवाय अर्थ कळतो' याला एकच उदाहरण पुरे. 'हात' आणि 'कागद' ही दोन अक्षरं जपानमध्ये जोडून लिहिली तर अर्थ होतो पत्र. तीच चीनमध्ये टॉयलेट पेपर.

लिपी सोपी आहे असं मी म्हणत नाही. चिनी मुलंही पहिलीत उच्चार रोमन अक्षरांतून शिकतात, आणि पुढे मोठी माणसं मोबाइलवर तेच रोमन टाइप करून समोर आलेल्या अक्षरांतून हवं ते निवडतात. त्यामुळे 'पेन उचललं की अक्षर विसरतं' अशा अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचारच तिकडे आहे.

राहिलं 'संकट'. ही गोष्ट जुनी आहे, केनेडींनीही १९५९ साली भाषणात सांगितली होती. शब्द आहे 'वेइ-ची'. 'वेइ' म्हणजे धोका, इथपर्यंत बरोबर. 'ची' म्हणजे मात्र मुळात यंत्र किंवा त्याचा खटका, आणि त्यावरून गोष्टी इकडच्या तिकडे होण्याचा क्षण. 'संधी' हा अर्थ येतो तो 'ची'ला 'ह्वेइ' जोडल्यावर. नुसत्या 'ची'चा अर्थ संधी धरायचा तर मोबाइल, म्हणजे 'हात' अधिक 'ची', ही हातातली संधी झाली आणि विमान ही उडती संधी. शिलाई मशीनच्या शेवटीही हाच 'ची' आहे. त्याचं काय करायचं ते मेसेज पाठवणाऱ्यांनी कळवावं.