गोठलेली जमीन नव्यानेही घडते

पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेलीच राहणारी जमीन, हा हिमयुगाने मागे ठेवलेला साठा असून तो आता केवळ घटतच जाणार, हे याविषयीच्या एका लेखातील विधान मला अपुरे वाटते. कॅनडातील मॅकेन्झी नदीच्या त्रिभुज प्रदेशात भूगोलतज्ज्ञ रॉस मॅके यांनी १९७८ साली इलिसार्विक नावाचे तळे मुद्दाम रिकामे केले, ते गोठलेली जमीन नव्याने कशी घडते हे पाहण्यासाठीच. पाणी निघून जाताच तळाचा गाळ गोठू लागला आणि हिवाळ्यात आकसून त्याला भेगा पडल्या. अशी भेग जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते; वसंतात तिच्यात उतरलेले पाणी गोठते, पुढे जमीन बहुधा त्याच जागी पुन्हा तडकते, आणि हजारो वर्षांत तिथे काही मीटर रुंदीची बर्फाची पाचर तयार होते. टुंड्रावर दिसणारी बहुकोनी जाळी ही याच पाचरांची खूण होय.

अर्थात, यामुळे पर्माफ्रॉस्ट घटण्याबद्दलची लेखकाची चिंता खोटी ठरत नाही, उलट ती अधिक नेमकी होते. सायबेरियातील येडोमा थरांत (हिमयुगातील बर्फाने भरलेल्या गाळाच्या थरांत) गाळ साचत असतानाच पाचरा वरच्या दिशेने वाढत गेल्या, म्हणून तिथे निम्म्याहून अधिक घनफळ बर्फाचेच असू शकते. तो बर्फ वितळला की जमीन खचते, खड्ड्यात तळे साचते आणि ते तळे खालची जमीन आणखी वितळवते. सायबेरियाच्याच याकुतिया भागातील 'अलास' नावाची विस्तीर्ण खोलगट कुरणे हिमयुगानंतरच्या उष्ण काळात बहुतांशी अशीच घडली. तळे आटल्यावर तळ पुन्हा गोठेल, पण खचलेली उंची आणि वितळलेल्या मातीतून हवेत गेलेला कार्बन त्यासरशी परत येत नाही. हा फरक लेखात यायलाच हवा होता.