सिसएफएस असताना कॉन्फिगएफएस कशाला?

सिसएफएस आणि कॉन्फिगएफएस या लिनक्सच्या दोन फाइलसिस्टिम; कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) वस्तू त्या फाइली-डिरेक्टऱ्यांच्या रूपात दाखवतात. लिनक्सवर स्टोरेज टार्गेट, म्हणजे नेटवर्कवरून इतर मशीनना डिस्क पुरवणारी व्यवस्था, चालवणाऱ्यांच्या तोंडी एक दावा नेहमी असतो: ‘कॉन्फिगएफएस ही सिसएफएसचीच नक्कल. दोन्ही /सिसखालीच दिसतात. टार्गेट ड्रायव्हरला सिसएफएसमधली एक कमांड-फाइल पुरते, आणि टार्गेटची मांडणी रीबूटनंतर टिकवायची सोय कॉन्फिगएफएसमध्येही नाहीच.’

आधी ‘नक्कल’. कॉन्फिगएफएस /सिस/कर्नल/कॉन्फिग इथे माउंट होते, पण शेजारी राहिले म्हणून सख्खे होत नाही. सिसएफएसमध्ये वस्तू कर्नल जन्माला घालतो आणि आपण ती पाहतो. कॉन्फिगएफएसमध्ये आपण एमकेडिर (डिरेक्टरी बनवणे) केले की वस्तू तयार होते, आरएमडिर (डिरेक्टरी काढणे) केले की जाते. डिस्क कर्नलला सापडते. आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची पद्धत) टार्गेट मात्र कुठून सापडणार? ते कोणीतरी ठरवावेच लागते.

आता कमांड-फाइल, कारण खरा वाद इथेच आहे. एससीएसटी या टार्गेट सॉफ्टवेअरने हा मार्ग घेतला: एमजीएमटी नावाच्या फाइलमध्ये ‘अ‍ॅड टार्गेट’ अशी ओळ लिहायची, कर्नल ती वाचून टार्गेट उभे करतो. चालते, वर्षानुवर्षे चालले आहे. पण सिसएफएसचा संकेत ‘एका फाइलीत एकच मूल्य’ असा, आणि इथे त्या फाइलीत छोटी भाषाच शिरली. त्यात सिसएफएसची आणि एससीएसटीची कुलुपे (लॉक) एकमेकांत अडकू नयेत म्हणून काही कामे रांगेत टाकावी लागतात. मग फाइलीत लिहिणाऱ्याला ईअगेन (‘पुन्हा प्रयत्न करा’ असा एरर कोड) मिळते. म्हणजे काम फसले असे नाही, अजून झालेले नाही. खरा निकाल वेगळ्या फाइलीतून पुन्हा पुन्हा विचारायचा. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या कपाळावर आठी पडणारच.

एलआयओ हे दुसरे टार्गेट सॉफ्टवेअर 2011 मध्ये 2.6.38 कर्नलात आले ते कॉन्फिगएफएस घेऊनच. पुढे 4.8 मध्ये आलेल्या एनव्हीएमई (वेगवान एसएसडींसाठीची पद्धत) टार्गेटनेही तेच निवडले. तिथे पोर्टखाली (जोडणी स्वीकारायच्या पत्त्याखाली) सबसिस्टिमची (पुरवायच्या डिस्कांच्या गटाची) सिमलिंक, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारी लिंक, केली की ती त्या पोर्टवर मिळू लागते. लिंक असेपर्यंत सबसिस्टिम आरएमडिरने काढता येत नाही. कोण कोणावर अवलंबून आहे, हे फाइलसिस्टिमच सांभाळते. हे कमांडच्या ओळीतून करायचे तर प्रत्येक ड्रायव्हरला स्वतः लिहावे लागेल.

टिकण्याचा मुद्दा खरा आहे, पण तो इथे लागू नाही. दोन्ही रॅममध्येच राहतात, रीबूट झाले की पाटी कोरी. एलआयओची मांडणी टार्गेटसीएलआय हे साधन जेसन फाइलीत साठवते, एससीएसटीची एससीएसटी-अ‍ॅडमिन हे साधन.

दावा करणाऱ्यांच्या बाजूने एकच गोष्ट मान्य करतो. टार्गेटवर लॉगिन झालेल्या क्लायंटांची सेशन्स आपण बनवत नाही, ती येतात नि जातात. कॉन्फिगएफएसमध्ये त्यांच्या डिरेक्टऱ्या शोभत नाहीत, म्हणून आधी नोंद न केलेल्या क्लायंटांची सेशन्स एलआयओ डायनॅमिक-सेशन्स नावाच्या साध्या फाइलीत यादीसारखी दाखवते. अशा माहितीला सिसएफएसच बरे. कॉन्फिगएफएसच्या कागदपत्रांतही हेच आहे की दोन्ही एकाच मशीनवर नांदावीत.